मोजणीदार आण्णांची आभाळातली मोजणी

मोजणीदार आण्णा आमच्या कार्यालयात आले की दारापासून माझ्या टेबलापर्यंतची पावलं मोजत यायचे. ओठ जेमतेम हलायचे, पण मोजताहेत हे कळायचं. नमस्कार नंतर, आधी आकडा. एकदा टेबलाशी येऊन थांबले आणि म्हणाले, “मॅडम, टेबल मागल्या खेपेपरास दीड हात आत सरकलंय.” मी वैतागून म्हटलं, “आण्णा, तुम्हाला दुसरा काही उद्योग नाही का हो?” पण सरकलं होतं खरं. वरचा स्लॅब गळायला लागला म्हणून आदल्याच दिवशी शिपायांनी ते ओढून आत घेतलं होतं. मी रोज त्या टेबलावर बसणारी, मला ते धड जाणवलंही नव्हतं.

मी कोल्हापुरातल्या एका सरकारी कार्यालयात अव्वल कारकून होते. कुठल्या ते सांगत नाही, सांगून कुणाचं भलं होणार नाही. आवक-जावक, जुनं दप्तर आणि शेवटची काही वर्षं माहितीच्या अधिकाराचे अर्ज, एवढं माझ्याकडे होतं. आण्णा म्हणजे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले भूमापक. राहायला कसबा बावड्यात, घरामागे थोडा ऊस. उंच, वाळकी अंगकाठी, इन न केलेला पांढरा शर्ट, आणि वरच्या खिशात पेनाच्या जागी पितळेचं होकायंत्र. त्या वजनानं शर्टाचा खिसा कायम एका बाजूला लोंबत असायचा.

“मोजल्याबिगर बोलू नये माणसानं,” हे त्यांचं पालुपद. लग्नाच्या मांडवात जेवायला बसले तरी यजमानाला सांगणार, “हजार पान उठलं म्हणताय, पर ह्या मांडवात एका पंगतीला दीडशेच्या वर मानूस मावत न्हाय, मग पंगती किती झाल्या सांगा.” यजमान बिचारा हात जोडायचा. पोटात दुखतं म्हणून डॉक्टरकडे गेले तर तिथंही, “बेंबीपासनं चार बोटं उजवीकडं आन दोन बोटं वर.” डॉक्टर म्हणे हसले आणि म्हणाले, आण्णा, नकाशाच काढून आणायचा होता. पुढच्या खेपेला आण्णांनी आणला.

असा माणूस एके दिवशी सकाळी कार्यालय उघडायच्या वेळेलाच दारात उभा. त्या दिवशी पावलं मोजली नाहीत, तेवढ्यावरून मला कळलं की काहीतरी वेगळं आहे. हातात नीट घडी घातलेला नकाशाचा कागद होता. म्हणाले, “मॅडम, काल दिवस कलताना आभाळात एक वस्तू बघितली. नोंद द्यायची हाय.”

मी म्हटलं, “तबकडी?”

“तबकडी मी म्हणलो न्हाय,” ते एकदम तडकले. “तबकडी म्हणायला ती जवळनं बघाय पायजे. लांबट हुती. जस्ताच्या पत्र्यागत रंग, चकाकत न्हवती. कारखान्याच्या चिमणीचा धूर उगवतीकडं चाललाता, आन ही वस्तू जाग्याव. एवढ्या वाऱ्यात फुगा जाग्याव ऱ्हातोय व्हय? चिमणीची उंची मला ठावं हाय, तिच्यावरनं कोन धरला. होकायंत्र खिशात हुतंच. मग जोतिबाच्या डोंगराकडं गेली. चार आकडं मोजस्तवर दिसंनाशी.”

“ड्रोन असेल आण्णा. नाहीतर विमान. उजळाईवाडीला विमानतळ आहे की.”

“असंल की. मी कुठं न्हाय म्हणतोय? काय हुती त्ये शोधायचं काम सरकारचं. माझं काम नोंद द्यायचं.”

साहेबांनी नकाशा बघितला, हसले आणि मला म्हणाले, “बाई, आवक करा आणि जबाब घेऊन टाका. म्हातारा खूश होऊन जाईल.” मी जबाब घेतला. आण्णा दोन साक्षीदारही घेऊन आले होते. एक शेजारच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या आणि एक डेअरीला दूध घालायला निघालेली बाई. दोघांनीही वस्तू बघितली होती. गुळव्यानं सही केली, बाईनं अंगठा दिला. आण्णांचा नकाशा मात्र बघण्यासारखा होता. उत्तर दाखवणारा बाण, खाली स्केल, चिमणी, गुऱ्हाळ, स्वतः उभे होते ती बांधाची जागा, आणि वर कागदाच्या कोऱ्या भागात एक बारीक लांबट खूण. तिच्याशेजारी सुबक अक्षरात फक्त ‘वस्तू’.

मी म्हटलं, “आण्णा, एक झेरॉक्स काढून घरी ठेवा.” तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते खात्यात जन्म काढलेला माणूसच सांगू शकतो. म्हणाले, “मॅडम, घरी ठिवला तर त्यो कागूद. दप्तरात ठिवला तर पुरावा. लागंल तवा अर्ज करून नक्कल घ्यायची. आमी आयुष्यभर लोकास्नी ह्येच सांगत आलोय.” फोटोही काढला नव्हता. फोटोला स्केल नसतं, म्हणे. मूळ जबाब, मूळ नकाशा, सगळं माझ्या हातात देऊन समाधानानं निघून गेले. जाताना मात्र टेबलापासून दारापर्यंतची पावलं मोजत गेले.

आता पुढचं सांगते. सरकारी दप्तरात प्रत्येक कागदाला एक वर्ग द्यावा लागतो. अ म्हणजे कायम जपायचा, ब आणि क ठराविक वर्षं, आणि ड म्हणजे वर्षभर ठेवून नष्ट करायचा. वर्ग देण्यासाठी विषयांची यादी असते. वर्षअखेरीला मी लाल पेन्सिल घेऊन बसले आणि आण्णांचा जबाब हातात आला. यादी वरपासून खालपर्यंत बघितली. अतिक्रमण होतं, पाणंद रस्ता होता, पूर होता, भटकी कुत्रीसुद्धा होती. आभाळातल्या वस्तूला विषय नव्हता. मग ज्याला विषय नसतो त्याचं जे करायचं तेच केलं. ‘किरकोळ’ लिहिलं आणि ड घातला. मला तेव्हा काही वाटलं नाही. दिवसाला शे-दोनशे कागदांवर अक्षर घालणाऱ्या बाईला काय वाटणार?

वर्ष उलटल्यावर वरून तपासणी लागली. तपासणी म्हणजे रंगरंगोटी, कुंड्या आणि दप्तराची साफसफाई. खरं तर नष्ट करायच्या कागदांची यादी करायची, साहेबांची मंजुरी घ्यायची आणि मग कागद फाडायचे. आम्हाला तेवढा वेळ नव्हता. ड वर्गाचे गठ्ठे टेम्पोत घालून कागद कारखान्यात लगद्याला पाठवले आणि यादी मागाहून करू म्हटलं. मागाहून कधी होतं का? यादी राहिली ती राहिलीच. टेम्पोत गठ्ठे चढवून घेणारी मीच होते.

आण्णा त्या सुमारास मजेत असायचे. नातीच्या मोबाइलवर बातम्या बघायचे. अमेरिकेत म्हणे सरकारनं अशा वस्तूंच्या फायली लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली होती. मला सांगायला आले, “बघा मॅडम, तिकडं लढाऊ इमान चालिवणाऱ्यांस्नी समोर बशिवत्यात आन शपथेवर इचारत्यात, काय बघितलंसा सांगा. आमी बघा, बिनबोलवता आलो आन सांगून मोकळं झालो. आमचं सरकार फुडं हाय.” आणि खळखळून हसले. मीही हसले. कागद जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते.

मग गावात भानगड झाली. बावड्यात तात्या म्हणून एक मोठे बागायतदार होते. आण्णांनी नोकरीत असताना एक बांध मोजला होता, त्यात तात्यांच्या कडेची पट्टी शेजाऱ्याकडे गेली होती. तात्यांच्या पोटात ते इतकी वर्षं डाचत होतं. त्यांनी तो बांध पुन्हा उकरून काढला आणि तालमीच्या कट्ट्यावर चारचौघांत आण्णांना ऐकवलं, “ज्याला आभाळात तबकड्या दिसत्यात, त्येनं आमचा बांध मोजलाय. काय घेऊन बसलाय त्येच्या मोजणीचं!” लोक हसले. तेव्हापासून गावात तबकडी आण्णा असं नाव पडलं. ज्यांचे ज्यांचे बांध आण्णांनी मोजले होते त्यातले आणखी दोघंतिघं कुजबुजायला लागले. आण्णांच्या मुलानंच त्यांना सांगितलं, आबा, आता तो विषय बंद करा, मला बाहेर तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

आण्णा नक्कल मागायला येऊन माझ्यासमोर बसले, तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. “मॅडम, त्या जबाबात तबकडी ह्यो शब्द न्हाय. कोन हाय, अंतर हाय, दोन मानसांची साक्ष हाय. तेवढी नक्कल द्या. कट्ट्याव नेऊन वाचून दावतो. न्हायतर मी मोजल्याला परत्येक बांध उद्या उकरत्यात. माझी अख्खी नोकरी आता त्या कागदाव हाय.” गुळव्या तोपर्यंत निपाणीकडं कामाला गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. दूधवाल्या बाईला घरच्यांनी दम दिला होता, ती म्हणायची, मी अंगठा दिला, कशावर ते ठाऊक नाही. उरला होता फक्त कागद, आणि तो नव्हता.

मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. यादीशिवाय दप्तर नष्ट केलं हे उघड झालं असतं तर चौकशी लागली असती, आणि माझी निवृत्ती तोंडावर होती. मी म्हटलं, “शोधते, आण्णा.” मग त्यांनी रीतसर माहितीच्या अधिकारात अर्ज केला. मी मुदतीत उत्तर दिलं, ‘सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.’ वाक्य खरं होतं. असली खरी वाक्यं मी खूप लिहिली आहेत.

मला वाटलं, इथं संपेल. पण समोर मोजणीदार होता. त्यांनी दुसरा अर्ज केला आणि नष्ट केलेल्या कागदांची यादी मागितली. नेमकी त्या वर्षाची यादीच नव्हती. मी तेही लिहून दिलं, ‘यादी आढळून येत नाही.’ दोन्ही उत्तरं हातात घेऊन आण्णा आले तेव्हा त्यांचे डोळे कितीतरी दिवसांनी लकाकत होते. खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, सरकारी रीत मला शिकवू नका. नष्ट केला असता तर यादीत घावला असता. यादीत न्हाय म्हंजे नष्ट झाला न्हाय. दप्तरातबी न्हाय. म्हंजे कुणीतरी वर मागून घेतलाय. तुमास्नी बोलायची परवानगी नसंल. मी इचारत न्हाय.”

त्यांचा हिशेब कुठंही चुकत नव्हता. खात्यात सगळं रीतीनं चालतं असं धरलं तर उत्तर तेच येत होतं. चूक इतकीच की त्यांनी आम्हाला आपल्यासारखं समजलं.

त्यानंतर आण्णांनी आमच्याच कार्यालयात बदलून आलेल्या नव्या साहेबांकडे पहिलं अपील केलं, ते फेटाळलं गेलं. मग वर माहिती आयोगाकडे दुसरं अपील केलं. साहेबांपुढच्या प्रत्येक सुनावणीला इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि एकच वाक्य बोलायचे, “ती वस्तू काय हुती, मी इचारत न्हाय. मी काय सांगितलंय, तेवढं मला द्या.” नवे साहेब मान डोलवायचे, मी टिपण घ्यायची. गावात हसणं चालूच होतं. पण आण्णा आता खचलेले दिसत नव्हते. आपला कागद कुठंतरी मोठ्या टेबलावर आहे, मोठी माणसं तो बघताहेत, या समजुतीवर ते तग धरून होते. मला ते दिसत होतं आणि त्याचाही मी फायदाच घेतला. निवृत्तीपर्यंतचे महिने मी मोजत होते.

आयोगाच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी ते आले. खोकला धरला होता, शर्ट अंगावर अडकवल्यासारखा दिसत होता. व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि म्हणाले, “उद्या आयोगाफुडं मी सांगणार हाय, मॅडमची काय चूक न्हाय म्हणून. त्येंच्यावर वरनं दबाव हाय. तुमास्नी काय हुणार न्हाय, बघा.”

काय झालं मला माहीत नाही. दया आली असं म्हणवत नाही. कंटाळा आला असं म्हटलं तर ते जास्त खरं होईल. मी त्यांच्याशेजारी बसले आणि सांगून टाकलं. “आण्णा, कागद कुणी नेला नाही. रद्दीत गेला. यादी केलीच नव्हती.”

खात्यातला माणूस दुसऱ्या खात्यातल्या माणसाला विचारतो तसं त्यांनी विचारलं, “वर्ग कुणी घातला?”

“मी.”

“कुठला?”

“ड.”

“विषय काय धरला?”

“किरकोळ. दुसरा कुठला बसत नव्हता.”

त्यांनी मान हलवली. “नकाशाबी त्यातच?”

“हो.”

“कुणी बघितलाबी न्हाय म्हणा की.”

आण्णा म्हणाले, “लपिवला असता तर बरं झालं असतं की वं, मॅडम.” तेवढंच. रागावले नाहीत. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्याकडे कोरा कागद मागितला आणि बाकावरच मांडी घालून सुबक अक्षरात लिहिलं, ‘मागितलेली माहिती मला समक्ष मिळाली आहे. माझी तक्रार नाही. अपील मागे घेत आहे.’ खाली सही. मी तो कागद घेतला, आवक शिक्का मारला आणि आयोगाला कळवलं. माझी चौकशी टळली. मी त्यांचे आभारसुद्धा मानले नाहीत. काय म्हणून मानायचे, हेच सुचलं नाही.

नंतर आण्णा कार्यालयात आले नाहीत. मी निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल, नारळ आणि निष्कलंक सेवेबद्दल चार शब्द मिळाले. त्यानंतर काही महिन्यांनी आण्णा गेल्याचं कळलं. फुफ्फुसाचा आजार होता. न जाणं शक्य होतं, माझी कुणी वाट बघत नव्हतं. तरी रक्षाविसर्जनानंतर दोन दिवसांनी मी बावड्याला गेले.

घराच्या पुढच्या सोप्यात पाचसहा माणसं बसली होती. आण्णांचा मुलगा, भावकीतले काहीजण, आणि भिंतीला टेकून तात्या. मीच ओळख सांगितली. आण्णांच्या पत्नीनं नाव ऐकल्याबरोबर पदर सावरला आणि माझा हात धरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “ह्याच त्या मॅडम. आमच्या ह्येंचा कागूद दिल्लीला गेलाय म्हणून मॅडमनीच सांगितलं. ह्ये त्या दिवशी घरला आलं आन म्हणालं, झालं, कळलं, कागूद दिल्लीला मोठ्या सायबांकडं हाय. आता नक्कल मिळत नसती, पर कागूद हाय. त्येच्यापायीच अपील माघारी घेतलं म्हणालं.”

ज्या माणसानं जन्मभर मोजल्याशिवाय शब्द उच्चारला नाही, त्यानं घरी येऊन हे सांगितलं होतं. मला वाचवण्यासाठी की स्वतःसाठी, की या बाईला शेजारणींपुढं मान वर करता यावी म्हणून, ते मला कधीच कळणार नाही.

“व्हय मॅडम?” तात्यांनी विचारलं. कोल्हापुरी माणूस मयताच्या घरीसुद्धा आडपडदा ठेवत नाही. “खरंच दिल्लीला गेलाय?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “हो. दिल्लीला गेलाय.”

“नकाशासकट?”

“नकाशासकट. मूळ प्रत.”

तात्यांनी हातातली तंबाखू तशीच धरून ठेवली. जमिनीकडे बघत म्हणाले, “मग मोजणीत खोट नसंल म्हाताऱ्याच्या.” आण्णांच्या पत्नीनं डोळ्यांना पदर लावला. आतून कुणीतरी माझ्यासाठी चहा आणला. मी तो सगळा प्यायले.

निघाले तेव्हा मुलगा रिक्षापर्यंत सोडायला आला. रिक्षाचा दांडा धरून खालच्या आवाजात म्हणाला, “मॅडम, मी आबांना लई बोललोय त्या कागदावरनं. आता खरं काय ते मला एकट्याला सांगा.”

मी म्हटलं, “सांगितलं की आत.”

त्यानं दांडा सोडला. रिक्षा सुरू झाली. बावडा संपेपर्यंत मला रडू येईल असं वाटत होतं. आलं नाही.